यकृतातली आडवाट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आज मी तुम्हाला एका नळीची गोष्ट सांगणार आहे. नळी जेमतेम आठ-दहा मिलिमीटर रुंद आणि बोटाएवढी लांब. ती बसवायची यकृताच्या ऐन गाभ्यात. बसवणे कठीण आहे, पण जमते. बसवल्यावर ती उघडी ठेवणे त्याहून कठीण. त्यासाठी जगभर जी खटपट झाली तिच्यात कुत्र्यांचा, मेंढ्यांचा आणि विशेषकरून डुकरांचा वाटा फार मोठा आहे. या खटपटीतली एक कल्पना तर इतकी देखणी होती, की ती यशस्वी व्हावी असे माझ्यासारख्या अनेकांना मनापासून वाटत होते. ती कल्पना म्हणजे नळीला जिवंत पेशींचे अस्तर लावायचे.

मी क्ष-किरणशास्त्राचा डॉक्टर. पण फोटो पाहून अहवाल लिहिणाऱ्यांपैकी नाही. पडद्यावर बघत बघत बारीक नळ्या, तारा आणि फुगे शिरांमधून आत घालायचे आणि आतली दुरुस्ती करायची, हे आमचे काम. थोडेसे प्लंबरचेच म्हणा ना.

२००२ साली सातारा जिल्ह्यातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. वय बेचाळीस. घरी ऊस, थोडे डाळिंब. दारूचा थेंब कधी तोंडाला लावलेला नाही. १९८४ साली बाळंतपणात रक्तस्राव झाला म्हणून त्यांना रक्त चढवले होते. हिपॅटायटिस सी हा विषाणू ओळखला गेला १९८९ साली. म्हणजे त्यांना रक्त देणाऱ्यांना दोष देण्यातही अर्थ नव्हता. तो विषाणू अठरा वर्षे गुपचूप यकृत पोखरत राहिला. पहिल्यांदा कळले ते रक्ताची उलटी झाली तेव्हा. दुर्बिणीतून रबरी कड्या घालून फुटलेल्या शिरा बांधल्या. महिन्याने पुन्हा उलटी. पुन्हा कड्या. तिसऱ्यांदा गावाहून जीपने आणले तेव्हा रक्तदाब मोजता येत नव्हता.

रक्ताची उलटी आणि यकृत यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. आपल्या आतड्यांतून आणि प्लीहेतून परतणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एका शिरेतून येते. आपण खाल्लेल्या अन्नातले बरेवाईट सगळे यकृत पारखून घेते आणि मग ते रक्त यकृताच्या वरच्या शिरांतून महाशिरेत आणि तिथून हृदयात जाते. सिरॉसिसमध्ये यकृत आक्रसते, निबर होते, त्यात गाठी धरतात. रक्ताला पुढे सरकायला जागा उरत नाही. घाटात दरड कोसळली की गाड्या जशा आसपासच्या गावांतल्या बोळांतून वाट काढतात, तसे हे रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या बारीक शिरांतून वाट काढू लागते. त्या शिरा एवढ्या रहदारीसाठी बांधलेल्याच नसतात. त्या फुगतात, पातळ होतात आणि एके दिवशी फुटतात.

दाबाच्या भाषेत सांगायचे तर यकृतात शिरणारी शीर आणि यकृतातून निघणारी शीर यांच्या दाबातला फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या पाच मिलिमीटरपर्यंत असतो. तो दहाच्या वर गेला की फुगवटे तयार होतात. बाराच्या वर गेला की ते फुटण्याची भीती. या बाईंचा फरक बावीस होता.

मग उपाय काय? दरडीच्या खालून बोगदा काढायचा. आत येणारी शीर आणि बाहेर जाणारी शीर यांना यकृताच्या आतून जोडून टाकायचे, म्हणजे रक्त अडथळा टाळून सरळ पुढे जाईल आणि दाब उतरेल. यालाच शंट म्हणतात. मी त्याला आडवाट म्हणतो.

ही कल्पना जुनी आहे. १८७७ साली रशियात निकोलाय एक या शल्यचिकित्सकाने कुत्र्यांची पोर्टल व्हेन पोट उघडून महाशिरेला जोडली. आठ कुत्री. त्यातले एकच अडीच महिने जगले आणि तेही प्रयोगशाळेतून पळून गेले! तरीही वैद्यकात आजपर्यंत एकचे नाव टिकून आहे. पुढे १८९३ साली पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेच ते घंटा आणि लाळेच्या प्रयोगाचे पाव्हलॉव्ह, अशी जोडणी केलेल्या कुत्र्यांना मांस खायला दिले. कुत्री सैरभैर झाली, अडखळू लागली, बेशुद्ध झाली. यकृताने पारखलेले नसलेले रक्त मेंदूला चालत नाही, हे तेव्हा कळले. आजही शंट घातल्यावर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला कमीअधिक भ्रम होतो. घरच्या लोकांना आम्ही ते आधीच सांगून ठेवतो. आडवाट फार रुंद करून चालत नाही ती यामुळेच.

माणसांत या जोडण्या शस्त्रक्रियेने होऊ लागल्या विसाव्या शतकाच्या मध्यावर. पण सिरॉसिसच्या माणसाचे पोट उघडणे हे दिव्यच. त्याचे रक्त गोठत नाही, जखम भरत नाही.

पोट न उघडता हे करता येईल, हे सुचले ते एका चुकीतून. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लॉस एंजेलिस इथे योसेफ रोश हे मूळचे झेक डॉक्टर मानेच्या शिरेतून सुई यकृतापर्यंत नेऊन पित्तनलिकांचे चित्र घेण्याच्या कामात होते. सुई पित्तनलिकेऐवजी भलत्याच ठिकाणी, पोर्टल व्हेनमध्ये शिरू लागली. दुसरा कुणी हळहळला असता. रोश यांच्या ध्यानात आले की मानेपासून पोर्टल व्हेनपर्यंत आयतीच वाट सापडली आहे. त्यांनी कुत्र्यांच्या यकृतात अशा आडवाटा काढून त्यात नळ्या बसवल्या आणि १९६९ साली ते प्रसिद्ध केले. नळ्या लवकरच बुजल्या. १९८२ साली टोरांटोच्या कोलापिंटो यांनी माणसांत हा बोगदा नुसत्या फुग्याने रुंद केला, फुगा तासन् तास फुगवून ठेवला. तेवढ्यापुरता दाब उतरला. पण फुगा काढल्यावर बोगदा पुन्हा मिटू लागला.

मग आली जाळी, म्हणजे स्टेंट. हृदयाच्या रोहिणीत बसवतात ती जाळी आता घरोघरी माहीत आहे. ती घडवणाऱ्यांपैकी एक, मूळचे अर्जेंटिनाचे ज्युलिओ पाल्माझ, यांना तिची रचना सुचली ती भिंतीच्या गिलाव्याखाली मारतात त्या जाळीदार पत्र्याच्या तुकड्यावरून. त्यांनी १९८५-८६ च्या सुमारास कुत्र्यांच्या यकृतात ही जाळी बसवून आडवाट उघडी ठेवून दाखवली. जानेवारी १९८८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे पहिल्यांदा माणसाच्या यकृतात ती बसली. तिथून ही पद्धत जगभर गेली.

आमच्या बाईंना आम्ही अशीच धातूची उघडी जाळी बसवली. मानेतून सुई, यकृतातून वाट, फुगा, जाळी. तीन तास लागले. दाबाचा फरक बावीसवरून नऊवर आला. उलट्या थांबल्या. दहाव्या दिवशी त्या घरी गेल्या, आणि आम्ही, खरे सांगायचे तर, स्वतःवर खूश होतो.

आठ महिन्यांनी पुन्हा रक्ताची उलटी. सोनोग्राफीत आडवाटेतला प्रवाह जवळजवळ दिसेना. मी बाहेर येऊन त्यांच्या यजमानांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे नळी बुजली म्हणायची. आमची ठिबकची नळी बुजली की आम्ही ॲसिड सोडतो साहेब. तुमच्याकडे तसलं काही नाही का?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी त्यांना म्हटले, "दादा, तुमच्या नळीत पाण्यातला क्षार बसतो. इथे बाहेरून काही येऊन बसलेलं नाही. आम्ही यकृताला भोक पाडलं, ती शरीराच्या लेखी जखम आहे. शरीर ती भरून काढतंय."

त्या काळच्या उघड्या जाळ्यांची ही रीतच होती. निम्म्याच्या आसपास आडवाटा वर्षभरात अरुंद होत किंवा बंद पडत. मग पुन्हा मानेतून जायचे, फुगा फुगवायचा, जरूर तर जाळीत दुसरी जाळी घालायची. प्रत्येक वेळी खर्च, प्रत्येक वेळी गावाहून येणे, आणि मधल्या काळात केव्हा उलटी होईल ही धास्ती. बाईंनी एकदा मला विचारले होते, "डॉक्टर, एकदाच काय ते होत नाही का?" त्यांच्या घरची डाळिंबाची बाग तोवर गहाण पडली होती.

आता पेशींच्या अस्तराकडे येतो. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. एका पेशीची जाडी, बस्स. पूर्वी लोकांना वाटे की हा नुसता गुळगुळीत लेप आहे. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की हा थर खरवडून काढला तर रोहिणी औषधाला नेहमीसारखी सैल होऊन उत्तर देत नाही. म्हणजे तो थर काहीतरी सांगावा धाडत होता. तो सांगावा म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि त्याबद्दल फर्चगॉट यांना आणखी दोघांसह १९९८ चे नोबेल मिळाले. हा थर रक्ताला गोठू देत नाही आणि भिंतीतल्या स्नायूपेशींना अवास्तव वाढू देत नाही. घरात वडीलधारे माणूस असले की पोरे जरा बेताने वागतात, तसे.

यकृतात पाडलेल्या बोगद्याला असा थर नसतो. कच्चे मांस आणि धातूची तार, त्यावरून वाहते रक्त. तर मग हा थर आपणच आधी जाळीवर वाढवला आणि अस्तर लावलेली जाळी आत बसवली तर? शरीराला वाटेल ही आपलीच जुनी शीर आहे, आणि ते जखम भरण्याचा उद्योग करणार नाही.

कल्पना हवेतली नव्हती. १९७८ साली अमेरिकेत माल्कम हेरिंग यांनी कुत्र्यांच्या स्वतःच्या शिरांतून अस्तराच्या पेशी काढून त्या कृत्रिम रक्तवाहिन्यांच्या कापडात पेरल्या होत्या. पेरणी हाच शब्द तिथेही वापरतात. १९८९ साली डिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या अस्तरपेशींत गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले, त्या पेशी पोलादी जाळीवर वाढवल्या, आणि जाळी फुग्याने फुलवली तरी बऱ्याच पेशी जागेवर टिकतात हे प्रयोगशाळेत दाखवले. १९९७ साली असाहारा यांनी रक्तातच अस्तराच्या पूर्वजपेशी फिरत असतात असे मांडले, तेव्हा तर शीर कापायचीही गरज उरली नाही असे वाटू लागले; नुसते रक्त घ्यायचे आणि त्यातून पेशी वाढवायच्या. यकृतातल्या आडवाटेसाठी अशा पेशी चढवलेल्या जाळ्या प्राण्यांमध्ये बसवून पाहिल्या गेल्या त्या या वातावरणात. काहींनी अस्तराच्या पेशी घेतल्या, काहींनी स्नायूपेशी, काहींनी त्यांत जनुकीय बदल केले.

डुकरेच का? डुकराच्या रक्तवाहिन्या माकडवर्ग सोडला तर माणसाच्या बऱ्याच जवळच्या. त्याच्या शिरांत माणसासाठीच बनवलेली हत्यारे चालतात. आणि मुख्य म्हणजे डुकराची जखम झपाट्याने भरते. माणसात आडवाट बुजायला महिने लागतात, डुकरात ती काही आठवड्यांतच बुजू लागते. संशोधकाला उत्तर लवकर मिळते.

२००४ साली परदेशातल्या एका प्रयोगशाळेत तीन आठवडे पाहुणा म्हणून राहण्याचा योग मला आला. काम त्यांचे, मी बघ्या. पेशी सदतीस अंशांच्या कपाटात गुलाबी द्रवात ठेवलेल्या असत. रोज त्यांचा द्रव बदलणारी तंत्रज्ञ मुलगी हातमोजे न घालता कपाटाच्या दाराला कुणी हात लावला तरी रागावे. ते योग्यच होते. एक बुरशीचा कण आत गेला की तीन आठवड्यांची शेती एका रात्रीत जाते. प्राणी ज्याचा, पेशीही त्याच्याच असाव्या लागतात, नाहीतर शरीर त्या परक्या म्हणून नाकारते. म्हणजे आधी डुकराला भूल देऊन शिरेचा तुकडा किंवा रक्त घ्यायचे, पेशी वाढेपर्यंत थांबायचे, मग पेशी जाळीवर चढवायच्या, जाळी द्रवात सावकाश फिरवत ठेवायची म्हणजे सगळीकडून सारख्या बसतील, आणि मग त्याच डुकराला पुन्हा भूल.

इथपर्यंत सगळे ठीक चालते. अडते ते पुढे. जाळी आत न्यायची तर ती आधी दाबून तीन-चार मिलिमीटरच्या नळीत कोंबावी लागते. एका पेशीच्या जाडीचे अस्तर, आणि ते असे धातूवर धातू घासत दाबायचे! त्यातून वाचलेल्या पेशी पुढे फुग्याने ताणल्या जातात आणि लगेच रक्ताच्या लोंढ्यासमोर येतात. नव्याने लावलेले रोप पहिल्याच वळवाच्या पावसात सापडावे, तसे. किती पेशी जागेवर राहिल्या हे आत गेल्यावर कळायला मार्गही नसतो.

त्या मुक्कामात मी एक यकृत उभे चिरलेले पाहिले. उघडी जाळी बसवलेल्या डुकराचे. आपल्याकडे खाटकाच्या दुकानातली कलेजी सगळ्यांनी पाहिलेली असते, तोच तपकिरी-लाल रंग. मधून आडवाट गेलेली. तिच्या आतून पांढरट, रबरासारखा जाड थर चढला होता, आणि मध्ये पेन्सिलही जाणार नाही एवढी फट. शवचिकित्सा करणाऱ्या बाईंनी सुरीच्या टोकाने एक हिरवट-पिवळा डाग दाखवला. म्हणाल्या, हे पित्त.

मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीतली कळीची जागा ती आहे. यकृतात रक्तवाहिन्यांच्या जोडीने पित्तनलिकांचेही जाळे असते. सुईने बोगदा काढताना एखादी पित्तनलिका फाटते. उघड्या जाळीच्या भोकांतून पित्त थेट रक्ताच्या वाटेत झिरपते. पित्त लागले की रक्ताची गुठळी होते, सूज येते. शिवाय जाळीच्या प्रत्येक भोकातून यकृताच्या पेशीजालाला आत डोकावायला, वाढायला मोकळीक. अशा ठिकाणी एका पेशीचे कोवळे अस्तर लावणे म्हणजे गळक्या, ओल्या भिंतीवर उत्तम रंग देण्यासारखे. हृदयाच्या रोहिणीवरून सुचलेला उपाय आपण यकृतात नेला. पण रोहिणीला स्वतःची भिंत असते, आणि यकृतातल्या बोगद्याला भिंतच नसते. आधी भिंत हवी होती.

भिंत देणारा उपाय अगदी साधा निघाला: जाळीला कापड लावा. कापड म्हणजे ताणलेल्या टेफ्लॉनचा तलम पडदा. १९९५ साली ओरेगनच्या संशोधकांनी असे कापड लावलेल्या जाळ्या डुकरांत बसवल्या, तेव्हा त्या उघड्या जाळ्यांपेक्षा चांगल्या टिकल्या. दोन वर्षांनी हॅस्कल यांच्या गटाला डुकरांत तसाच अनुभव आला. गंमत म्हणजे वाटेल ते कापड चालत नाही. पॉलिस्टरने डुकरांच्या यकृतात काम बिघडवले. हा फरक कागदावर गणित मांडून कळला नसता. पुढे पित्त आत येऊ न देणारा आणखी एक पापुद्रा त्यात घातला गेला. पोर्टल व्हेनमध्ये राहणारा दोन सेंटिमीटरचा भाग मात्र मुद्दाम उघडा ठेवला, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या फांद्यांचे रक्त अडणार नाही.

माणसांत कसोटी लागली ती फ्रान्समधले ब्यूरो आणि सहकारी यांच्या पाहणीत, २००४ साली. ऐंशी रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. उघड्या जाळीच्या गटात शेकडा ४४ जणांची आडवाट बिघडली, कापडाच्या गटात शेकडा १३ जणांची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जाळीला मान्यता दिली. आज आडवाट काढायची तर कापड लावलेलीच जाळी वापरतात. पेशी चढवलेली जाळी या कामासाठी रुग्णांच्या नित्याच्या उपचारात आली नाही.

हृदयाच्या बाबतीतही काहीसे तसेच झाले. पेशी आधी वाढवत बसण्याऐवजी, रक्तात फिरणाऱ्या पूर्वजपेशींना पकडणारे प्रतिपिंड चिकटवलेली जाळी निघाली. २००५ साली तिचा माणसांतला पहिला अनुभव प्रसिद्ध झाला. पण पुन्हा अरुंद होण्याच्या बाबतीत तिला औषध लावलेल्या जाळीला मागे टाकता आले नाही. आणि ज्यांना आपण पूर्वजपेशी म्हणत होतो त्यांतल्या पुष्कळशा मुळात संरक्षक पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या निघाल्या.

मग पेशींचा तो खटाटोप वाया गेला का? मला तसे वाटत नाही, आणि हे मी समजुतीखातर म्हणत नाही. कापडाच्या जाळीचाही एक दुखरा कोपरा आहे. आडवाटेचे वरचे टोक यकृताच्या शिरेत उघडते. तिथे कापड थोडे जरी आखूड पडले, तर पुढची उघडी शीर आतून जाड होते आणि वाट तोंडाशीच आवळते. तिथे पित्ताचा संबंध नसतो. तिथे खरोखरच अस्तर आणि स्नायूपेशी यांच्यातले भांडण असते, म्हणजे तोच प्रश्न जो पेशीवाल्यांनी मांडला होता. आज आम्ही तो कसा सोडवतो? जाळी लांब घेऊन थेट महाशिरेच्या तोंडापर्यंत नेतो. म्हणजे सोडवत नाही, टाळतो.

डुकरांचीही एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी. प्रयोगातल्या डुकराचे यकृत निरोगी असते. त्याच्या पोर्टल व्हेनमध्ये दाब वाढलेला नसतो, त्यामुळे रक्ताला आडवाटेने जाण्याची घाईच नसते. वापर नसलेल्या पायवाटेवर गवत उगवते, तसे तिथे घडते. पाल्माझ यांनी तर पोर्टल व्हेनचा दाब मुद्दाम वाढवलेल्या कुत्र्यांतही जाळी तपासली होती. म्हणून डुकरात एखादी जाळी बुजली, एवढ्यावरून ती माणसातही बुजेल असे म्हणता येत नाही. उलट डुकरात टिकली तर मात्र आशा धरायला जागा असते. कसोटी कडक आहे, पण ती वेगळ्या विषयाची आहे, असे म्हणा हवे तर.

आणि त्या जिवांचे काय, हा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. माझ्याही येतो. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. समितीच्या मंजुरीशिवाय असा प्रयोग करता येत नाही, भूल द्यावी लागते, प्राण्यांची संख्या आधी सांगून तिचे कारण द्यावे लागते. त्या परदेशी प्रयोगशाळेत डुकरांची निगा राखणारा माणूस प्रत्येकाला नावाने हाक मारत असे, आणि शेवटच्या दिवशी तो रजा घेई. नियमांनी सगळे मिटते असे मी म्हणणार नाही. कापडाची जाळी बसवताना मात्र मला दर वेळी तो आठवतो.

आमच्या बाईंची आडवाट आम्ही २००३ साली फुग्याने मोकळी केली. २००५ साली पुन्हा अरुंद झाली, पुन्हा फुगा, आत दुसरी जाळी. २००७ साली कापडाची जाळी बाहेरून मागवली. तिची किंमत ऐकून यजमान म्हणाले, "साहेब, ही तरी शेवटची का?" मी हमी दिली नाही. जुन्या दोन जाळ्यांच्या आत ती तिसरी बसवली.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोघे सोनोग्राफीला यायचे. यंत्रावर प्रवाहाचा आवाज ऐकू येतो, वाऱ्यासारखा, लयीत. यजमान दाराशी उभे राहून तो ऐकायचे. आवाज आला की पिशवी उचलून चहाला जायचे. बाई २०१३ साली गेल्या, यकृताच्या कर्करोगाने. जुन्या सिरॉसिसमध्ये तो धोका असतोच. रक्ताची उलटी त्यांना त्या सहा वर्षांत एकदाही झाली नाही. शेवटच्या तपासणीतही आडवाट उघडी होती.